पोपटी साडी

मंगळवार, १८ नोव्हेंबर

लग्नाचा खर्च बसवताना लेकीने मानपानाच्या साड्या आधी उडवल्या. मुलाकडच्यांनाही नकोच आहेत. मी खूश. पण आज वन्सं बिबवेवाडीहून आल्या आणि चहा पिता पिता म्हणाल्या, "सख्ख्या आत्यालाही साडी नाही? अगं, साडी कसली का असेना, मान महत्त्वाचा."

कसली का असेना. बरं.

त्या गेल्यावर कपाटाच्या तळातून पोपटी साडी काढली. माझ्या लग्नात त्यांनीच दिलेली. तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, आत्ताच नेसून ये, घडी मोड. नेसून बाहेर आले आणि पदरावर हळदीचा जुना डाग. कुणाची तरी नेसलेली साडी माझ्या गळ्यात मारलेली. बायका पदराकडे बघत होत्या आणि मी वाकून नमस्कार करत होते.

लेक म्हणते, "आई, हे जरा जास्त होतंय." होऊ दे. तिच्या बजेटला तर धक्का नाही ना?

धुवायला टाकू का? नको, डाग गेला तर? इस्त्री मात्र करून आणते. घडी नव्यासारखी, पदर आत.

कार्यालयात कुंकू लावून साडी हातात देईन आणि सगळ्यांसमोर अगदी प्रेमाने म्हणेन, "वन्सं, आत्ताच नेसून या. घडी मोडा."