दोघींना खटकेल ते

मंगरूळपीर
२३ जानेवारी १९७७

ती. भागिरथाआक्का यांस,

धाकट्या वच्छलाचा सप्रेम जयभीम. शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं आणि तिळाच्या वड्याही पोचल्या. घरी येईपर्यंत त्या निम्म्या कशा झाल्या, ते तुमच्या भावाला विचारा. एष्टी स्टँडवरून थैली तेच घेऊन आले होते.

इथं रेडिओवर निवडणुकीची बातमी आली आणि सगळं गाव एकदम बोलायला लागलं. दीड वर्ष लोक पानठेल्यावर थंडी आणि कापूस यापलीकडे काही बोलत नव्हते. आता आमच्या शाळेच्या फाटकात हेडमास्तर आणि शिपाई भांडतात आणि पोरं कडेला उभी राहून ऐकतात. मलाही मजा वाटते, खोटं कशाला सांगू.

पण माझी खरी बातमी दुसरीच आहे. वाशीमच्या शिवण शिबिरात आपण पाच जणी भेटलो, तेव्हापासून आपली थैली रज्जाकभाई कंडक्टरच्या हाती गावोगाव फिरते आहे. एकीनं नमुना टाकायचा, दुसरीनं उतरवून घ्यायचा, एवढंच आजवर चाललं. आता मी त्या थैलीत मोठं काम घालते आहे. एप्रिलात अकोल्याला बायकांच्या हातकामाचं प्रदर्शन आहे. पांढऱ्या दसुतीची एक चादर घेतली आहे, तिच्यावर पाच मोठे चौकोन आखले आहेत. प्रत्येकीनं आपल्या आवडीचं चित्र फुलीच्या टाक्यानं भरायचं. चार कोपऱ्यांत तुम्ही, तुमची शेजारीण केशरबाई, तांड्यावरची रूपला आणि धनजची शाहजादी. मधला चौकोन माझा. त्यात मी निळं धम्मचक्र भरायला घेतलं आहे, आणि सध्या भाजी करपते ती त्यामुळेच.

एक नियम मात्र केला आहे. केशरबाईचे शेषराव दुकान सोडून एका पक्षाच्या जीपमध्ये बसतात आणि रूपलाचा भाऊ दौलतसिंग दुसऱ्याच्या, हे तुम्हीच लिहिलंत. म्हणून चादरीवर राजकारण नको. कोणाच्याही चौकोनातलं चित्र दोघींना खटकलं, तर जिनं भरलं तिनंच ते उसवायचं. मी मास्तरीण, म्हणून निवाडा माझ्याकडे. हसू नका.

माणिकरावभाऊजींना जयभीम सांगा. माया आहे ती अशीच वड्यांसकट येत राहू द्या.

तुमची
वच्छला


मालेगाव
११ फेब्रुवारी १९७७

चि. वच्छलास,

आक्काचे पोटभर आशीर्वाद आणि जयभीम. पत्रास कारण की चादर पोचली, आणि तिच्यापायी माझ्या घरात रोज बाजार भरतो आहे.

माझ्या कोपऱ्यात मी दोन राघू भरले. एकाची चोच मोठी झाली आहे, तेवढी पोटात घाल. त्याच्या शेजारी केशरबाईनं काय भरलं असेल? गाय आणि वासरू! जीपवर, भिंतीवर, पोरांच्या खिशाला जे लावून राह्यले, तेच. मी म्हटलं, बाई, ही तर पक्षाची निशाणी. तर म्हणे, कायची निशाणी, हे आमची कपिला हाय, तिले निवडणुकीतलं काय समजते. आता तिच्या गोठ्यात कपिला आहे हे खरं, आणि वासरू गेल्याच महिन्यात झालं हेही खरं. पण तिच्या डोळ्यात हसू होतं, ते मी पाहिलं.

बाजाराच्या दिवशी रूपला आली. तिनं गाय पाहिली, ओठ मिटले आणि चादर घेऊन गेली. परत आली तेव्हा तिच्या कोपऱ्यात खांद्यावर नांगर घेतलेला शेतकरी, दुसऱ्या पक्षाचा, अगदी भिंतीवरचा उतरवलेला. वर म्हणते, हा माहा बाप हाय. तिचा बाप खरंच नांगर धरतो.

गावात तर नुसती धमाल आहे. काल चौकात दोन जीपा समोरासमोर आल्या आणि दोन्ही भोंगे एकदम सुरू झाले. कोणाचं काय ते कोणालाच कळेना, तरी लोक टाळ्या वाजवत होते. आमचे हे कानात कापूस घालून जेवायला बसतात.

आता तुझा निवाडा येऊ दे. माझ्या भावाला, देवमनला म्हणावं, थैलीतलं खाणं हे वाटेत खाण्यासाठी नसतं.

आहे तो जिव्हाळा पातळ करू नकोस.

तुझी आक्का
भागिरथा


मंगरूळपीर
२२ फेब्रुवारी १९७७

ती. भागिरथाआक्का यांस,

वच्छलाचा जयभीम. शि. सा. न. वि. वि.

निवाडा दिला! गाय रूपलाला खटकली, नांगर केशरबाईला खटकला, आणि दोन्ही वेळेला दुसरी मी. दोघींनी आपापले चौकोन उसवायचे. केशरबाईनं चार ओळी लिहून पाठवल्या की कपिलेला मी सुरी लावली. रूपलानं नुसता उसवलेल्या दोऱ्यांचा गुंता थैलीत टाकून दिला. मी मन घट्ट केलं. एकीला सूट दिली असती, तर दुसरी काय म्हणाली असती?

शाहजादीची गोष्ट ऐका आता. ती आधीच घाबरट, म्हणून तिनं कोणाच्या अध्यात ना मध्यात अशी कपबशी भरली. गुलाबी कपबशी, वर वाफसुद्धा. तर केशरबाई आणि रूपला, ज्या एकमेकींच्या सावलीला उभ्या राहत नव्हत्या, त्या दोघी मिळून लिहितात की कपबशी एका अपक्षाची निशाणी आहे. मी तुमच्या भावाला कचेरीत विचारायला लावलं. आहे, आक्का! कपबशी आहे, सायकल आहे, झाड आहे, झोपडी आहे, हत्ती आहे. घरातली आणि रानातली एकही वस्तू या लोकांनी सोडलेली नाही. बाईनं भरायचं तरी काय?

तुमचे राघू तेवढे सुटले. ते कोणाला नको आहेत, चोचीमुळे असेल.

मला हसूही येतं आणि जरा भीतीही वाटते. कारण चादर सुंदर होत चालली होती, आणि आता तिच्या दोन कोपऱ्यांत नुसती भोकं दिसतात, आणि तिसरा शाहजादीलाही उसवायला सांगावं लागलं.

माझ्यावरचा विश्वास तेवढा उसवू नका.

तुमची
वच्छला


धनज
४ मार्च १९७७

प्यारी वच्छलाबाई,

शाहजादीचा सलाम आणि दुआ. इकडे सगळी खैरियत आहे, तिकडेही असो.

माझी कपबशी उसवली. वाईट नाही वाटलं. उसवता उसवता मी आणि सासूबाई इतक्या हसलो की चहा उतू गेला. आमचे फय्याज म्हणतात, चौकोन कोराच ठेव. पण कोऱ्यालाही कोणी आपली निशाणी म्हणेल, म्हणून मी आमच्या खिडकीची जाळी भरली आहे. खिडकीला अजून कोणी तिकीट दिलेलं नाही.

आता ज्यासाठी लिहिते आहे ते. थैलीत केशरबाई आणि रूपलाची चिठ्ठी आहे. तुमचं मधलं निळं चक्र दोघींना खटकलं. लिहिलं आहे की निळं म्हणजेही पक्षच असतो, मग मास्तरणीचा नियम मास्तरणीलाही लागू. मलाही नाव घालायला सांगितलं होतं. मी नाही घातलं. ते तुमच्यासाठी काय आहे ते मला माहीत आहे. तुमच्याकडे राहायला आले होते, तेव्हा सकाळी घरातल्या चक्रासमोर तुम्हाला डोळे मिटून बसलेलं मी पाहिलं आहे.

पण बाई, माझ्याशिवायही दोन झाल्या. थैली उघडल्यावर एकदम धक्का नको, म्हणून आधी हे पत्र.

तुमच्या मायेच्या हिश्श्यातून मला कमी करू नका.

तुमची
शाहजादी


मंगरूळपीर
१० मार्च १९७७

ती. भागिरथाआक्का यांस,

जयभीम. शि. सा. न. वि. वि.

शाहजादीनं आधी सांगितलं होतं, तरी चिठ्ठी मी दोनदा वाचली. मला राग आला आहे, आणि तो मी लपवणार नाही. गाय गोठ्यात असते, नांगर शेतात असतो. माझं चक्र कुठे असतं हे या दोघींना ठाऊक नाही का? मी चौथीत होते. आई नागपुराहून दीक्षा घेऊन आली आणि घरात पाय ठेवण्याआधी तिनं कपड्याची नीळ कालवून दारावर बोटानं चक्र काढलं. वाकडं होतं. बाबा, भिवाजी पहिलवान म्हणत त्यांना, दारात उभे राहून रडले होते. ते राजकारण?

तुमच्या भावाला मी म्हटलं की हा चौकोन मी उसवणार नाही, तो निराळा आहे. ते जेवत होते. म्हणाले, केशरबाईही गायीबद्दल हेच म्हणत होती. मी ताटावरून उठले. आक्का, त्या दिवशी तुमचा भाऊ मला अजिबात आवडला नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले आणि कात्री घेऊन बसले. नियम माझा होता. एकेक टाका उलट्या बाजूनं कापला, दोरे चिमट्यानं ओढले. नीळ निघाली, पण कापड घट्ट भरलं होतं, त्यामुळे भोकांचं चक्र तसंच राहिलं आहे, अगदी आऱ्यांसकट. ते काढायची युक्ती मला येत नाही.

चादर पाठवते आहे. यापुढे थैली तुम्ही सांभाळा. मला अकोल्याला जायचं नाही, आणि निवाडा करायला तर मुळीच नाही. मी नियम केला तेव्हा मला वाटलं होतं की खटकणं म्हणजे मोजायची वस्तू आहे. दोन झाली की झालं.

तुमच्यावर राग नाही. तेवढं आपलं गोड राहू द्या.

वच्छला


मालेगाव
३० मार्च १९७७

चि. वच्छलास,

आशीर्वाद, जयभीम, आणि आधी डोळे पूस.

निकाल तर ऐकलेच असशील. आपल्याकडे गाय-वासरू आणि दिल्लीत नांगर! त्यामुळे गावात फटाके दोन्हीकडून उडाले आणि तोंडंही दोन्हीकडची उतरली. शेषराव सकाळी पेढे वाटत होते आणि संध्याकाळी दुकानाची फळी लावून बसले. इतकी मजा या गावानं कधी पाहिली नव्हती.

त्या गडबडीत मी दोघींना घरी बोलावलं आणि चादर पसरली. तुझा मधला चौकोन पाहून केशरबाई मला विचारते की वच्छलानं खरंच आपल्या हातानं उसवलं काय. मी म्हटलं, तुझाच हट्ट होता. तर म्हणते, मले वाटलं ते स्वतःले सोडून देईन. मोठे लोक आमाले नियम लावतात अन् स्वतःले सोडतात, तेच पाहाचं होतं मले. मी तिला सांगितलं की आमच्या वच्छलाला मोठे लोक म्हणायला तू पहिलीच. आणि मग तुझ्या आईची, निळीची, दाराची सगळी गोष्ट सांगितली. तू मला लिहिलेलं मी दुसरीला सांगितलं, रागावायचं तर रागाव. रूपला ऐकताना चादरीवरून बोट फिरवत होती, भोकांवरून.

केशरबाईनं चादर उचलली आणि घरी नेली. काय करते ते सांगेना. दार लावून बसायची, मला आत घेईना. परवा आणून माझ्या पुढ्यात टाकली. वच्छला, तिनं तुझं चक्र भरलं आहे. तुझ्याच भोकांतून, तुझ्याच निळ्या रंगाचा दोरा वाशीमहून आणून. दोन आरे जाड झाले आहेत, पण ती मानत नाही. स्वतःची गाय तिनं नंतर घाईघाईत भरली, ती बकरीसारखी दिसते. रूपलानं बापाला परत उभं केलं, आणि या वेळी त्याच्या पागोट्याला आरसे लावले. शाहजादीची जाळी तशीच आहे, कपबशी तिला आता नको.

माझ्या लेकीचे दिवस भरत आले, म्हणून मी अकोल्याला येणार नाही. तू जा. नाही गेलीस, तर देवमनला सांगून उचलून नेईन.

वाढत्या मायेची तुझी आक्का
भागिरथा


मंगरूळपीर
१९ एप्रिल १९७७

ती. भागिरथाआक्का यांस,

वच्छलाचा जयभीम, जयभीम, जयभीम! शि. सा. न. वि. वि.

आधी नातवाबद्दल अभिनंदन. आता बाळाला मांडीवर घ्या आणि ऐका.

अकोल्याच्या स्टँडवर केशरबाई आणि मी समोरासमोर आलो, तेव्हा मी म्हटलं की दोन आरे जाड आहेत. ती म्हणाली की तुह्या भोकायची चूक हाय. मग रूपला आणि शाहजादीसकट आम्ही चौघी हसतच प्रदर्शनात शिरलो.

चादर टेबलावर पसरली आणि भोवती बायका गोळा झाल्या. रूपलाच्या आरशांत तोंडं पाहत होत्या, बकरी कोणाची म्हणून विचारत होत्या. तेवढ्यात प्रदर्शनाच्या बाई आल्या. छान आहे म्हणाल्या. निवडणूक झाली, आता गाय चालेल, शेतकरी चालेल. फक्त मधलं ते निळं तेवढं नको, म्हणाल्या, हे प्रदर्शन आहे, तुमचं राजकारण इथं कशाला. आणि कोणी काही म्हणायच्या आत त्यांनी एक फुलदाणी आणून बरोबर चक्रावर ठेवली.

आक्का, मी तोंड उघडणार होते. काय बोलायचं ते मला पाठ आहे, लहानपणापासून किती वेळा बोलले आहे.

केशरबाईनं फुलदाणी उचलली आणि बाईंच्या हातात दिली. म्हणाली, हे तुमच्या टेबलावर ठेवा, हा चौकोन म्या माह्या हातानं भरला, त्याच्यावर गुलदस्ता ठेवाचा नाई. बाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं की तुम्ही त्यांच्यापैकी आहात का. केशरबाई म्हणाली, हो, मी थैलीतली हाय. मग रूपला बोलायला लागली, आणि रूपला बोलायला लागल्यावर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. शाहजादी, आपली घाबरट शाहजादी, तिनं विचारलं की खिडकी झाकली नाही, कपबशी असती तर झाकली नसती, मग हेच काहून झाकता? बाई म्हणाल्या की झाकायचं नसेल, तर चादर उचला. केशरबाईनं एक टोक धरलं, रूपलानं दुसरं, शाहजादीनं तिसरं, आणि तिघी माझ्याकडे पाहत उभ्या राहिल्या. चौथं मी धरलं. तशीच ताणलेली चादर आम्ही फाटकाबाहेर नेली आणि निंबाखाली उभ्या राहिलो. आतल्यापेक्षा जास्त गर्दी बाहेर झाली. हात भरून आले, तरी कोणी टोक सोडेना.

बक्षीस अर्थातच नाही मिळालं. येताना बसमध्ये तिघी पुढच्या चादरीवरून आत्ताच भांडत होत्या, आणि मी खिडकीकडे तोंड करून बसले होते, कारण मला रडू आवरत नव्हतं. आक्का, त्या टेबलाशी मी एक शब्दही बोलले नाही. मला बोलायची पाळीच आली नाही.

बाळाचा पापा घ्या. तुमच्या मायेत आता आम्ही चौघी आहोत, तेवढी ती वाढवा.

तुमची
वच्छला