लिंबाच्या वासाचा नर

९ जुलै
गांज्याची नर रोपं उपटायला सुरुवात. बाबा प्रत्येक रोपाचा देठ चोळतात, नाकाशी नेतात — आणि उपटतात, नाहीतर सोडतात. मी टोपली घेऊन समोर उभी. बेलदिया, म्हणजे इथला जुना गावठी गांजा, गावात आता आमच्याच उतारावर उरलाय; पलीकडे सगळी परदेशी संकरित रोपं. लिंबाचा वास टिकवायचा तर नरही त्याच वासाचा हवा. सहकारी संस्थेची बाई वास तपासायचं मशीन घेऊन आली होती. म्हणाली, "हे टर्पीन, वासाचं तेल, आईकडून येतं तसं बापाकडूनही येतं." बाबा हसले. "हे आमच्या आज्याला मशीन न घेताच कळलं होतं, बाई!"

११ जुलै
मीमूनदादाचा फोन. शुक्रवारी येतोय, बियाणं ताब्यात घ्यायला. "बाबांचं नाक माझ्याकडे आलंय. तुला काय कळतं गं वासातलं?" बेलदियाशेजारी संकरित लावणार म्हणे! दोन वर्षांत सगळी भेसळ होऊन बसेल. पण बाबांचं एकच पालुपद — "ज्याला नाक, त्याला बी."

१२ जुलै
स्वयंपाकघरात गॅस सुटलेला — मला अंगणातच वास आला. आणि बाबा आत, शेगडीपाशी, काडी ओढायच्या बेतात! काडेपेटी हिसकावून घेतली. "काय झालं?" म्हणाले. काय झालं!
त्यांना वासच येत नाही.
मग मळ्यात ते हुंगतात काय? दादाला कळलं तर आजच येऊन बियांची थैली उचलेल.

१३ जुलै
नको ते करून बसले. सगळ्यात चांगला नर, देठ चोळला की ताजी लिंबाची सालच! बाबांनी नाकाशी नेला आणि काय करतात बघायला मी मुद्दाम नाक मुरडलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. उपटला!
म्हणजे ते माझं तोंड वाचतात. कधीपासून? रडू आलं, स्वतःचा रागही आला. तसा दुसरा नर मळ्यात नाही. रोप टोपलीत लपवून आणलं, मागच्या खोलीत पाण्यात उभं केलंय. कळ्या उमलल्या तर पराग कागदावर झाडून घेता येतील. उमलल्या तर.

१४ जुलै
पानं मलूल. बाबांनी आज मला मळ्यात नेलं नाही.

१५ जुलै, शुक्रवार
जेवायला बसलो, कुसकुसचं ताट मध्ये. दादानं बियांची थैली मागितली. बाबांनी ती माझ्या मांडीवर ठेवली. "माझं नाक तीन वर्षांपूर्वी तापात गेलं, मीमून. तेव्हापासून मळ्यातले नर हिनंच निवडलेत."
मग माझ्याकडे वळून, हळूच — "मागच्या खोलीतला फुललाय, बघून आलो. पुन्हा त्या तोंडानं मला फसवू नकोस."