मोदकपात्रातलं स्पंज पुडिंग

४ नोव्हें. ५३
ह्यांचं पत्र. विलायतेला जाऊन तिसरं वर्ष लागलं, पत्रं मात्र आखूड होत चाललीत. आईच्या, म्हणजे आमच्या आत्याबाईंच्या, गुडघ्यांची चौकशी. मला एक ओळ, 'प्रकृतीस जप.' बाकी सगळं घरमालकिणीच्या स्पंज पुडिंगाचं कौतुक. वर गोड सॉस, गरम गरम. रविवारची वाट बघतात म्हणे. आमची कोण बघतंय?

आत्याबाईंना वाचून दाखवलं. "स्पंज? पोरं पाटी पुसत्यात, त्यो? माझ्या लेकाला उपाशी ठिवत्यात व्हय तिकडं!" खूप हसले. मग माडीवर जाऊन रडले.

रात्री उत्तर लिहिलं. पुडिंग कसं करतात ते विचारलं. दुसरं काय विचारू?

१८ डिसें.
कृती आली. लोणी-साखर फेसायची, अंडी, मैदा, वाडग्याला फडकं बांधून वाफवायचं. मोदकपात्रच की! सॉस म्हणजे उसाचा दाट पाक. कोल्हापूरकरणीला काकवी शिकवायला निघालेत.

शेवटी बारीक अक्षरात, तिथंच नोकरी मिळतेय, अजून ठरवलं नाही. तेवढंच पुन्हा पुन्हा वाचलं.

२० डिसें.
करून बघितलं. दगड. आत्याबाई म्हणतात, "ह्येनं पाटी पुसली तर पाटीच फुटंल."

११ जाने. ५४
आज सोडा घातला. फुगलं! माहेरच्या गुऱ्हाळाची काकवी वर ओतली. आत्याबाईंनी मागून घेतलं. "ग्वाड हाय की. त्येला लिव्ह, हितं बी मिळतंय म्हणावं."

लिहायला बसले. पुडिंगासाठी या, असं कसं लिहायचं? माझ्यासाठी या, असं लिहायचं होतं. धीर झाला नाही. आत्याबाईंचं वाक्यच लिहून पाठवलं.

२ मार्च
आले. येतोय एवढीच तार होती. स्टेशनवर क्षणभर ओळखलंच नाही मी. वाळलेत, हळू बोलतात. पेटीचे पट्टे सोडले नाहीत, हातातल्या पिशवीतलेच कपडे काढले.

आत्याबाईंनी विचारलं, "आता हितंच ऱ्हाणार न्हवं?"

"बघू, आई."

अर्धी मंगळवार पेठ भेटायला लोटली. मी चहाच करत राहिले. माणूस घरात आलं तरी एकटंच वाटतं, हे कुणाला सांगावं?

४ मार्च
आज पुडिंग केलं. वाढलं. एक घास घेऊन थांबले.

"हे तसं लागत नाही."

मी काकवीची वाटी पुढं केली.

"काकवी कुठली?"

"माझ्या माहेरची."

"वाटलंच." आणखी एक घास. मग आणखी. अर्धं झाल्यावर बशी सरकवली. उचलायला गेले तर म्हणाले, "राहू दे. उद्या खातो."

उद्या म्हणाले.

पेटीचे पट्टे तसेच आहेत. बशी पाण्याच्या परातीत ठेवली, मुंग्या लागतील म्हणून.