बाद झालेला गडी

जैनथ,
१८ ऑगस्ट १९९९

प्रिय पंचफुला,

सप्रेम जयभीम. इकडे सगळं ठीक आहे. पावसानं उघडीप दिली, कपाशीचं निंदण सुरू झालं, म्हणून शाळेत मुलं कमी. हैदराबादचं शिबिर कसं चाललंय? तिथलं जेवण मानवतं का?

तुझी निवड झाली याचा मला फार आनंद झाला, हे तुला सोडायला बस स्टँडवर आले तेव्हा सांगितलंच होतं. आईला मात्र पटत नाही. रोज विचारते, "तू तं बीए हायस ना? आपल्या घरात पहिली. मंग पंचफुला काऊन गेली?"

तिला काय सांगू? कारगिलच्या बातम्यांनी पोरं पेटलेली, म्हणून युद्धातले माणुसकीचे नियम कोण कसे शिकवतं ते पाहून शिबिरासाठी एकीला निवडायला साहेब आले. मी जिनिव्हा कराराची कलमं फळ्यावर सुबक अक्षरात लिहिली, सहावीच्या मुलांनी ती पाठ म्हणून दाखवली. तू तुझ्या सातवीला मैदानात नेलंस आणि विचारलंस, "कबड्डीत बाद झालेला गडी रेषेबाहेर बसते. त्याले कोनी मारते का? जखमी शिपाई, हत्यार टाकलेला शिपाई, तसाच." साहेबांनी टाळ्या वाजवल्या. त्या अजून माझ्या कानात आहेत.

काल सहावी-सातवीचा कबड्डीचा सामना झाला. शिट्टी माझ्याकडे होती. तुझा महिपत चढाईला आला आणि रेषेजवळच्या दगडावर आपटला. गुडघा फुटला. माझ्या सहावीतली प्रयाग दंडावर लाल क्रॉसची पट्टी बांधून औषधाचा डबा घेऊन बसलीच होती. ती उठली, आणि थांबली. माझ्या तोंडाकडे पाहत राहिली.

"बाई, जाऊ का? तो पंचफुलाबाईचा हाय."

शत्रूच्या जखमीलाही मदत करायची, हे कलम तिला घडाघडा येतं. तरी तिनं विचारलं. कारण मी तेव्हा मनात म्हणत होते, बरं झालं, आता सातवी हरते. ते तिला माझ्या चेहऱ्यावर दिसलं.

वर्गात तुझ्याविरुद्ध मी कधी एक शब्द बोलले नाही गं. पण तुझ्या वर्गातून हसणं ऐकू आलं की मी दार लावून घेते. तुझी पोरं खडू मागायला आली की संपले म्हणते. माझी मुलं हे रोज पाहतात.

शेवटी मीच धावले, गुडघा धुऊन बांधला. महिपत बरा आहे, काळजी करू नकोस. प्रयागनं मात्र पट्टी सोडून माझ्या टेबलावर ठेवली. "मले नाई जमत हे, बाई."

आज वर्गासमोर उभी राहिले आणि सांगून टाकलं, "प्रयागचं काही चुकलं नाही. मला पंचफुलाबाईंचा हेवा वाटतो." मागून देवाजी म्हणाला, "आमाले मालूम हाय, बाई." सगळा वर्ग हसला. प्रयाग हसली नाही.

पट्टी अजून टेबलावरच आहे. तू आलीस की सहावीला हा धडा तूच शिकव. मी मुलांच्या रांगेत खाली बसेन. ती तुझ्यावर खूश होतील आणि माझ्या पोटात दुखेल, हे आत्ताच सांगून ठेवते. तरी ये. प्रयागनं ती पट्टी पुन्हा बांधायला हवी.

स्टँडवर बोलले ते खोटं होतं.

हत्यार टाकून रेषेबाहेर बसलेली,
तुझी
विशाखा