न फुटणाऱ्या ताटल्या

जालना, ता. २ डिसेंबर १९९६

ती. कडूबामामांस,
वसंताचा दोन्ही हात जोडून नमस्कार. वि. वि.

मी खुशाल आहे. मामींनी दिलेला ठेचा संपला, हे त्यांना सांगू नये. त्या लगेच धावपळ करतील.

मामा, माझ्याकडून एक आगाऊपणा झाला आहे. मी नोकरीला लागलो त्या नेमबाजी क्लबात छऱ्याच्या बंदुकीने उडत्या ताटल्या फोडतात. त्या डांबर आणि चुनखडीच्या असतात, दिल्लीहून येतात. यंदा माल अडकला आणि बावीस तारखेला सामने आहेत. क्लबाचे प्रमुख सर्जेरावसाहेब काळजीत होते, तेव्हा मी बोलून गेलो की माझे मामा कुंभार आहेत, ते करून देतील. साहेब म्हणाले, जमले तर तू कायम. नाही तर तुझे कच्चे तीन महिने त्याच दिवशी संपतात.

खेळ दोन आहेत. ट्रॅपमध्ये ताटली उडवणारे यंत्र नेमबाजाच्या पुढे खड्ड्यात असते. ताटली त्याच्यापासून दूर पळते, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. आधी कळत नाही. स्कीटमध्ये दोन खोल्या, एक उंच, एक बुटकी. त्यांतून ताटल्या समोरून आडव्या जातात. त्यांची वाट ठरलेली, पण नेमबाज अर्धगोलात जागा बदलत फिरतो. ताटली दोन्हीकडे एकच: अकरा सेंटिमीटर रुंद, अडीच उंच, पालथ्या बशीसारखी. शंभर हव्यात. यंत्राच्या झटक्याने फुटू नये, छर्रा लागताच फुटावी.

लोभ नेहमीचा आहेच. या खेपेला थोडा जास्त असावा.

आपला,
वसंता

कुंभार पिंपळगाव, ता. १३ डिसेंबर

चि. वसंता यास मामाचे पोटभर आशीर्वाद.

हे पत्र बेबीनंदा लिहून राह्यली. ठेच्याचं मी मामीला न्हाई सांगितलं, तुझ्या या बहिणीनंच पत्र मोठ्यानं वाचलं. सोबत डबा आहे.

शंभर ताटल्या कडब्यात बांधून गाडीनं पाठवल्या. केल्त्या दीडशे. भट्टीतून काढून एकेक बोटानं वाजवली. बद्द वाजली ती फेकली, खणखणीत तेवढी तुला दिली. फुटावी असं तू लिहिलं, ते घाबरून लिहिलं असशील. माझ्या हातची वस्तू फुटावी म्हणून आजवर कुणी न्हाई मागितली, मंग मी तरी कशी देऊ? मामी म्हणती, साहेबाला सांग, दगड मारून बघा.

जेवत जा. जीव लावतोस तसाच लावत जा.

तुझा मामा

जालना, ता. २३ डिसेंबर

ती. मामांस, वसंताचा पुन्हा तसाच नमस्कार. वि. वि.

वाईट ते आधी लिहितो. परवा चाचणी झाली. ट्रॅपवर पहिली ताटली सुटली, साहेबांनी मारली, टणकन आवाज आला आणि ताटली धडधाकट माळावर उतरली. दहा उडवल्या, आठ मी उचलून परत आणल्या. स्कीटवरही तेच. एक पाहुणे आपली बंदूक उघडून तपासू लागले. साहेबांनी मला सामान बांधायला सांगितले.

बांधताना लक्षात आले की या दोन्ही खेळांत ताटली आडवी उडते, नेमबाजाला तिची कडच दिसते, आणि तुमची कड फार पक्की. पण तिसराही खेळ आहे, स्पोर्टिंग. त्यात झुडपांमधून हिंडत शिकारीसारखे ठिकठिकाणी वेगळे नेम असतात. एक ताटली ससा म्हणून जमिनीवरून चाकासारखी उभी पळते. आमच्या खडकाळ माळावर डांबराची ताटली बंदूक उचलण्याआधीच फुटते, म्हणून तो खेळ इथे कधी झालाच नाही.

घाबरतच साहेबांना म्हणालो, एकच पाहा. यंत्र वळवून सोडली. तुमची ताटली दगडांवरून उसळत निघाली, तिचे सगळे रुंद तोंड बंदुकीकडे. साहेबांनी जवळून मारली आणि खापऱ्या खापऱ्या झाल्या. साहेब हसले, हे मी प्रथमच पाहिले.

काल सामना सशाचाच झाला. मी कायम झालो. अशाच पक्क्या आणखी दोनशे हव्यात.

आशीर्वाद असेच पाठवत राहावे, डब्यासकट.

आपला,
वसंता

कुंभार पिंपळगाव, ता. ३० डिसेंबर

चि. वसंता यास मामाचे आशीर्वाद, मामीचे त्याहून जास्त.

मामीनं गल्लीभर साखर वाटली. दोनशे जरूर करतो. एवढं मोजूनमापून लिहितोस, पण एक न्हाई लिहिलं. शंभरातले किती ससे निसटले? तेवढा आकडा जल्दी कळव. फुटलेल्यांचं आपल्याला काय करायचं!

तुझा मामा