गिटारीतली घरघर

नंदिगड्डे,
१९ ऑक्टोबर

प्रिय मंगलअक्का,

गुणाचा नमस्कार. घरी सगळे बरे आहेत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून तेवढं लिहून टाकतो.

हॉस्पिटलात दादाच्या उशाशी बसून तू थकली असशील. परवा फोनवर विचारलंस, "गुण्या, दादा शेतातल्या माळ्यावरनं पडला तर कसा?" मी फोन अनुसयावहिनीकडे दिला. त्याआधी विचारलं होतंस, रेकॉर्डिंग कुठवर आलं. त्याचं उत्तर सोपं आहे, ते आधी देतो.

गिटारीचा आवाज मिळाला, अक्का. दमदार हवा म्हणून मी अ‍ॅम्पची सगळी बटणं शेवटपर्यंत पिरगाळायचो आणि माइक स्पीकरच्या अगदी बेंबीत धरायचो. पत्र्यावर खडे टाकल्यासारखा किरकिराट यायचा. मग गेन निम्म्यावर आणला, माइक जरा कडेला सरकवला आणि अ‍ॅम्प नेऊन ठेवला भाताच्या रिकाम्या कणगीत, आत आईची गोधडी लावून. वहिनी म्हणाली, "आता नवं भात काय तुझ्या डोसक्यावर ओतू?" पण आवाज असा भरला की मी एकटाच नाचलो.

फक्त एक घरघर जाईना. तारांवरचा हात काढला तरी मागे चालूच. केबल बदलली, फ्रिज बंद केला, काही उपयोग नाही. मग ध्यानात आलं, शेताकडे तोंड करून बसलं की घरघर वाढते, चुलीकडे वळलं की कमी होते. गिटारीच्या तारांखालची चुंबकं आसपासचा करंट पकडतात. मला वाटलं, आपलं वायरिंग जुनं आहे.

एका सकाळी ती घरघर गेली. साफ गेली. देवाला हात जोडले आणि दुपारपर्यंत वाजवत बसलो. माझ्या जन्मातलं सगळ्यात चांगलं रेकॉर्डिंग त्या सकाळचं आहे.

त्याच सकाळी बांधापलीकडच्या परशूची बायको रुक्मा गवत कापायला गेली आणि ओढ्यात मेलेली सापडली. पाय घसरला म्हणाले. आंघोळ घालताना बायकांना तिचा तळवा काळा पडलेला दिसला. "चुलीत भाजलं असंल," म्हणाल्या. दादानं लाकडं दिली, खांदाही दिला.

तिचं दिवसकार्य झालं आणि घरघर परत आली.

या खेपेला मी लांब केबल जोडली, गिटार गळ्यात घातली आणि जिकडे घरघर वाढेल तिकडे चालत गेलो. मागच्या दाराबाहेर, माझ्या खोलीच्या भिंतीला घासून, उघडी तार बांधाकडे गेली होती. डुकरांसाठी आणि वानरांसाठी, आपल्याच मेनमधून ओढलेली. दादा तिथंच खुंट्या ठोकत होता.

"रुक्मा ह्या तारेला लागली?"

"वरडू नको. मी गेलो तवा गेलीच हुती ती. नुसती वड्यात ठेवली."

"आणि तार परत लावलीस?"

"मग? डुकरास्नी भात खाऊ देऊ? तुझी टुणटुण शिजवून खायची व्हय?"

गिटार गळ्यातून काढली आणि तिच्या मानेला धरून पहिला घाव दादाच्या कानावर घातला. दुसरा तोंडावर. जबडा मोडला तो मला ऐकू आला. केबल लागलेलीच होती, प्रत्येक घाव आत कणगीत गडगडत होता. दादा खाली पडला तरी मी मारतच होतो. वहिनी माझे केस धरून ओढत होती, दादाचे दात चिखलात पडले होते. दया येऊन मी थांबलो असं समजू नकोस. गिटारीची मान मोडली म्हणून थांबलो.

माळ्यावरून पडला, हे वहिनीनं रचलं. नंतर हॉस्पिटलातून दादाचा निरोप आणला, तू गप राहा, तेही गप राहतील. मी तार तोडून टाकली आणि काल परशूला सगळं सांगितलं.

तो उंबऱ्यावर बसला. मग म्हणाला, "वड्यात ठेवली तवा जित्ती हुती काय रं?"

मला ठाऊक नाही, अक्का. ते एकट्या दादाला ठाऊक आहे.

हे पत्र परशूच घेऊन आलाय, आता तुझ्यासमोर उभा असेल. त्याला तेवढंच विचारायचं आहे. दादाचा जबडा बांधलाय, पण हो की नाही हे मान हलवूनही सांगता येतं. परशूचा कोयता मी काढून घेतलाय. हात कसे काढून घेऊ?

मी रामनगरच्या ठाण्यात चाललोय. रुक्माचंही सांगीन आणि माझंही. परशूला आत सोडायचं की दारातच अडवायचं, ते तू ठरव. सोडलंस तर तू बाहेर जाऊ नकोस. दादाची मान कशी हलते ते तूही बघ.

तुम्हा दोघांचा भाऊ,
गुणा