हॉलच्या उजेडाचा कॅमेरा

६ जानेवारी
कॅमेरा घ्यायचाच! आपल्या दोस्ताचं, रोहित्याचं लग्न फेब्रुवारीत. फोटो मीच काढणार — माझा आहेर. त्याला अजून सांगितलं नाय. आठ दिवस फोनच उचलत नाय, होणाऱ्या बायकोशी बोलत बसत असेल लबाड! साखरपुडाही उरकला म्हणे. "घरातल्या घरात, पाच माणसांत," आई म्हणाली.

७ जानेवारी
कॉलेज रोडचा दुकानदार सारखा मेगापिक्सल-मेगापिक्सल करतो. म्हटलं, मला काय होर्डिंग छापायचंय? बजेट पंचवीस हजार सांगितलं — तर कॅमेऱ्याची बॅग दाखवायला लागला!

८ जानेवारी
सातपूरचे फोटोग्राफर अमितदादा त्यांचा जुना कॅमेरा विकतायत. म्हणाले, "लग्न हॉलमध्ये ना? मग नव्याचा नाद सोड. जुना घे, उरलेले लेन्सला घाल. कमी उजेडात चालणारी."
"पुरावा?"
त्यांनी हॉलमधलेच फोटो उघडले. अठ्ठावीस डिसेंबरचा साखरपुडा.
रोहित्या! सूट घालून! दोनशे खुर्च्या. आमचा अख्खा कट्टा जेवतोय.
पाच माणसं काय? आईलाही गंडवलं यानं!

९ जानेवारी
त्याच्या वर्कशॉपवर गेलो. "मला का नाय बोलावलं?"
तर म्हणतो, "तूच आला नाहीस ना भो!" वर तोंड पाडतो. नाटकं मला शिकवतो?
सगळ्यांसमोर कानफाडात दिली. त्यानं उलट हात उचलला नाय. त्याचाच जास्त राग आला.
न बोलावण्याचं कारण माहितीये मला. आमच्या निकीच्या साखरपुड्यात मी अंगठीच्या डबीत सोळा नंबरचा नट ठेवला होता. नवऱ्याकडचे मामा ताटावरून उठले. पण ती माझी सख्खी बहीण! दोस्ताच्या कार्यात करीन का मी असं?
करीन. पण एवढं मोठं नाय.

१० जानेवारी
लग्न गेलं खड्ड्यात, कॅमेरा तरी घेऊ. अमितदादांनी त्यातलाच एक फोटो मोबाइलवर पाठवला — "झूम करून बघ, कमी उजेडात फोटो फुटून दाणे दिसतात का."
केला झूम. नवरीच्या मागे, तिसऱ्या रांगेत, मोरपंखी साडी. एक दाणा नाय. टिकलीसुद्धा स्वच्छ.
आई.
त्या रविवारी तिनंच मला विंचूरला पाठवलं होतं. मावशीकडून कांद्याची गोणी आणायला.

११ जानेवारी
भाकरी थापत होती. वर न बघताच बोलली —
"दोनदा आला होता रोहित, तुला बोलवायला. मीच सांगितलं, त्याला नाय यायचं. पुन्हा डबीत नट नको होता मला."